सदतीस किलोंपैकी एकतीस

ती. मावशीस,

घाऱ्याचा नमस्कार. आधी तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, मग तुला. डावा गुडघा अजून जिना दिसला की रुसतो का? नवा चष्मा लावतेस, की तो पेटीत जपून ठेवून जुन्यावरच भागवतेस? (ताई, हे पाकीट आधी तूच फोडणार हे मला ठाऊक आहे. तुला आणि भावजींना नमस्कार. आता पत्र तुझ्या आईच्या हातात दे आणि तिला मोठ्याने वाचायला लाव, म्हणजे चष्म्याचंही कळेल.) फोनवर तू "बरं आहे, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस, म्हणून पत्राचा घाट घातला.

मी खुशाल आहे. हा शब्द फारच तोकडा पडतोय, पण पत्रात तोच लिहायची रीत आहे. खरं सांगायचं तर गेले चार दिवस माझे पाय जमिनीला लागत नाहीत. आत्ता दुपारचे तीन वाजलेत, शाळेची भांडी घासून उपडी घातली आहेत आणि मी पिठाच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून लिहितोय. मदतनीस काकू (त्याच, ज्यांना तू विळी धरायला शिकवलंस आणि ज्या आता मला सगळंच शिकवतात) समोर बसून उद्याचे वाटाणे निवडताहेत आणि दर पाच मिनिटांनी विचारताहेत, अजून पहिलंच पान का? त्यांना काय, वाटाणे निवडायचेत. मला सबंध सत्र निवडायचंय.

तर मुळापासून सांगतो. तू सव्वीस वर्षं या शाळेच्या स्वयंपाकघरातली कढई सांभाळलीस आणि दोन वर्षांपूर्वी ती माझ्या हाती देऊन गेलीस. तुझ्याच हाताखाली शिकलो, त्यामुळे तू करायचीस तेच मी करत राहिलो. तळलेले बटाट्याचे काप, साखरेत घोळवलेले पावाचे तळलेले तुकडे, आणि सोबत लाल सरबत. मधल्या सुट्टीची घंटा झाली की दोनशे बारा मुलं खिडकीवर अशी तुटून पडायची की मला वाटायचं, आपल्यासारखा आचारी पंचक्रोशीत नाही. (तळलेलं आणि साखरेतलं कुणीही केलं तरी मुलं तुटून पडतात, हे कळायला मला चव्वेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं.) मग सत्राच्या पहिल्याच आठवड्यात शाळेच्या नर्सबाई वजनकाटा, टॉर्च आणि वही घेऊन वर्गावर्गांतून फिरल्या. नव्वद मुलांचे दात किडलेले. पन्नासेक जण सकाळी काहीच न खाता येणारे. चौथीचा अख्खा वर्ग मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकून झोपणारा (याचं खापर इतकी वर्षं उगाचच भूगोलाच्या बाईंवर फुटत होतं). आणि त्याच आठवड्यात कवायतीच्या तासाला तिसरीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली.

ही मुलगी नीट लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं हिच्यामुळेच घडलं. शाळेत हिला सगळे वकीलीण म्हणतात. वय आठ, दोन वेण्या, एक दात पडलेला, आणि बोलायला लागली की मुख्याध्यापिका मोठ्या बाईसुद्धा खुर्चीत सावरून बसतात. मी तांब्याभर पाणी घेऊन मैदानावर धावलो. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "मी पडले नाही, बसले होते." नर्सबाईंनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस? तर सरबत. माझं सरबत. तिच्या ओठांवर तो लाल रंग तसाच होता. मावशी, गंमत बाजूला ठेवतो. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी काय ते समजलो. म्हणाल्या, तळण आजपासून बंद. भाज्या, फळं, कडधान्यं, काय करायचं ते करा. पण सत्र संपेपर्यंत मुलं हे खायला लागली नाहीत, तर स्वयंपाकघराला कुलूप लागेल आणि बाहेरून बंद डब्यांची गाडी येईल. वरून तसा आग्रहच आहे म्हणे. मी ताठ मानेने सांगितलं, बाई, हात्तिच्या, मुलांना काय, मी दगड शिजवला तरी खातील. (हे वाक्य त्यांनी नंतर मला दोनदा ऐकवलं.)

पहिल्या दिवशी मी घेवड्याच्या शेंगा, गाजर आणि फ्लॉवर उकडले, वर पातळ सूप केलं आणि फळ्यावर रंगीत खडूने "आजपासून आरोग्य" असं लिहून ठेवलं. सदतीस किलो शिजवलं. सुट्टी संपल्यावर उरलेलं पिठाच्या काट्यावर तोललं, तर एकतीस किलो. (खपलेल्या सहा किलोंपैकी दोन किलो शिक्षकांनी खाल्लं, कारण मोठ्या बाई समोर बसल्या होत्या. बाकीचं जमिनीवर होतं.) मुलांनी आरडाओरडा केला असता तर मी समजू शकलो असतो. ती नुसती रांगेने आली, ताटात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कुणाच्या घरी वाईट बातमी कळल्यासारखी हळूच निघून गेली. मी आणि काकूंनी मग एकेक घास खाऊन पाहिला. काकू बराच वेळ चावत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ह्यांचं काही चुकलं नाही."

मी हार मानणारा नव्हे. मी गनिमी काव्यावर आलो. लाल भोपळा किसून रश्शात, पालक वाटून पिठात, फ्लॉवर मऊ शिजवून बटाट्यात. ताकास तूर लागू द्यायची नाही. आठवडाभर मुलं बिनबोभाट जेवली आणि मी शिट्टी वाजवत भांडी पुसत होतो. मग गुरुवारी वकीलीण ताट घेऊन परत खिडकीशी आली. बोटाच्या टोकावर पालकाचा एक तंतू, केसाहूनही बारीक.

"हे काय आहे?"

"कोथिंबीर असेल, बाळ."

"कोथिंबिरीचा वास येतो. ह्याला येत नाही." तिने तो तंतू खिडकीच्या फळीवर पुरावा म्हणून ठेवला. "यात आणखी काय काय आहे?"

"प्रेम आहे."

"ते हिरवं असतं का?"

मागे पन्नास मुलांची रांग होती. मी खोटं बोलण्यात तसा मुरलेला आहे (तू मला लहानपणापासून ओळखतेस), पण त्या पडलेल्या दाताच्या फटीपुढे माझं खोटं चाललं नाही. सांगून टाकलं. भोपळासुद्धा सांगितला, जो तिने विचारलाही नव्हता. बस्स, त्या दिवसापासून शाळेचा माझ्यावरचा विश्वासच उडाला. मुलं साधा भातसुद्धा पट्टीने उकरून बघायला लागली. पहिलीतला एक मुलगा पाणी प्यायच्या आधी पेला उजेडात धरायचा. आणि सोमवारी माझ्या खिडकीवर एक अर्ज चिकटवलेला, खाली एकशे चार सह्या (दोन सह्या शिक्षकांच्या होत्या, त्यांची नावं मी मोठेपणाने विसरलो आहे): "आचारीकाकांना विनंती की आम्हाला फसवू नये. भाजी असेल तर ती दिसली पाहिजे."

मग मी तिसरा डाव टाकला, आणि मावशी, हा डाव मला माझ्या बुद्धीची कमाल वाटला होता. चांदण्या. ताट रिकामं करून परत आणलं की वहीत एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की वर्गात टाळ्या. भाजी अगदी उघड, डोळ्यांसमोर: गाजराचे तुकडे, बिटाच्या चकत्या, आणि मोड आलेले कच्चे वाटाणे, मीठ-लिंबू ज्याचं त्याने वरून घ्यायचं. पहिल्याच दिवशी उरलेल्याच्या बादलीत तीन किलो. दुसऱ्या दिवशी दोन. एकदा तर दीड. ताटं अशी लख्ख येत होती की काकूंना शंका यायला लागली, पण मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्हाला चांगलं बघवतच नाही. मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक केलं. अंगावर मूठभर मांस चढलं. दोन आठवडे मी चालत नव्हतो, तरंगत होतो. डब्यांच्या गाडीवाल्याचा फोन आला तेव्हा त्याला मी, गरज पडणार नाही, असं परस्पर सांगून टाकलं (फोन मोठ्या बाईंसाठी होता).

आणि मग तो मंगळवार आला. सकाळी संगीताच्या बाई पियानोवर बसल्या, तर मधल्या तीन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. झाकण उघडलं. आत गाजरं. ती काढेपर्यंत खालच्या मजल्यावर हात धुवायची मोरी तुंबली आणि लालभडक पाणी कट्ट्यावरून वाहायला लागलं. नर्सबाईंनी दुरून बघितलं, समोर पहिलीतली पाच मुलं, हात लाल, सदरे लाल, आणि त्या किंचाळत बँडेजच्या पट्ट्या घेऊन धावल्या. दोघांचे हात बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे बीट आहे. कंपासपेट्या उघडल्या गेल्या. (आतलं वर्णन लिहीत नाही, तू जेवत असशील तर.) ग्रंथालयातल्या ज्ञानकोशाच्या चौथ्या खंडात बिटाची एक चकती खुणेसारखी दाबून ठेवलेली सापडली, आणि तीही दहा चांदण्या मिळवलेल्या कुणाची तरी.

मी बादली घेऊन ते सगळं गोळा करत होतो, तेवढ्यात शास्त्राचे सर धावत आले, चेहरा उजळलेला. म्हणाले, चला, चला, मागच्या व्हरांड्यात चला, मुलांनी काय कमाल केली आहे बघा. मागच्या व्हरांड्यात शोभेच्या अकरा कुंड्या आहेत, तुला आठवत असतील. माळी महिनाभर रजेवर होता. त्या अकराच्या अकरा कुंड्यांत वीतभर उंचीचं दाट हिरवं रान माजलं होतं. माझे वाटाणे. दोन आठवड्यांचे सगळे वाटाणे. मुलांनी येता-जाता मुठी रिकाम्या केल्या होत्या, आणि मोड आलेल्या वाटाण्याला काय, माती मिळाली की तो आपल्या उद्योगाला लागतो. शास्त्राच्या सरांना वाटलं, वर्गाने स्वतःहून प्रयोग केला. त्यांनी तिसरीला त्याचे वीसपैकी वीस गुण देऊनही टाकले होते.

मोठ्या बाईंनी एवढंच म्हटलं, "सत्र संपायला पाच आठवडे आहेत." दगडाचं वाक्य ऐकवलं नाही. ते त्यांनी नंतर ऐकवलं.

दुपारी मी खुरपं घेऊन व्हरांड्यात गेलो. डोक्यात संताप होता, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी होतं. ज्या पोरांसाठी पहाटे उठून वाटाणे भिजवले, त्यांनी ते मातीत घातले. सगळं उपटून टाकायचं, राजीनामा लिहायचा आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून पहिल्या कुंडीत खुरपं घातलं. मागून आवाज आला, "ते आमचं आहे."

वकीलीण. तिच्या मागे तिसरीची आणि पहिलीची दहा-बारा मुलं. मी म्हटलं, तुमचं कसं? मीच भिजवले, मीच वाढले. ती म्हणाली, "तुम्ही दिले. दिलेलं आपलं राहत नाही. शिवाय पाणी आम्ही घातलं." आणि मग तिने मला कुंड्या दाखवायला सुरुवात केली. हा कोपरा हिचा, ही चार रोपं त्याची, हे वाकडं वाढलेलं धाकट्या भावाचं. एकेकाला आपलं रोप पक्कं ठाऊक. बाटल्यांतलं पिण्याचं पाणी आणून घालत होती. आणि ती हे सांगत असतानाच पहिलीतल्या त्या पेला उजेडात धरणाऱ्या मुलाने आपल्या रोपाचा शेंडा खुडला आणि सहज तोंडात टाकला. चावला. दुसरा खुडला. शेजारणीने तिचा खुडला. मावशी, ती पोरं आठवडाभर मधल्या घंटेला येऊन रोज ते कोवळे शेंडे खात होती. जे वाटाणे ताटात नको म्हणून मातीत टाकले, तेच मातीतून वर आल्यावर कच्चे खात होती, मीठ नाही, लिंबू नाही, चांदणी नाही. शास्त्राच्या सरांना विचारलं, खाल्लेलं चालतं ना? ते म्हणाले, उत्तम, आणि स्वतःच दोन खुडून घेतले.

मी खुरपं खाली ठेवलं आणि जिन्याच्या पायरीवर बसलो. राजीनाम्याचं डोक्यातून गेलं. त्याच्या जागी अशी काही धांदल उडाली की काय सांगू. चांदण्यांची वही बंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज आठ मुलं स्वयंपाकघरात. हात स्वच्छ धुवायचे, डोक्याला रुमाल, आणि कामाला लागायचं: शेंगा मोडायच्या, पानं खुडायची, गाजरं खरवडायची (सुरीला हात लावायचा नाही, सुरी काकूंची). काय करायचं, किती शिजवायचं, मीठ किती, सगळं त्या आठ जणांनी चाखून ठरवायचं. पहिल्या दिवशी काकूंचं डोकं उठलं. निम्मी गाजरं ताटाआधीच संपली. कारण विचारलं तर, "बघत होतो कशी लागतात." काकू ओरडायला निघाल्या, मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काकू, हेच तर पाहिजे होतं.

वकीलिणीची पाळी आली तेव्हा तिने गाजराच्या भाजीचा घास घेतला, डोळे मिटले, आणि निकाल दिला, "मीठ बरोबर आहे. गाजर मेलंय." म्हणजे आपण गाजर फार शिजवतो. (मावशी, रागावू नकोस, पण हे मी तुझ्याकडून शिकलो. सव्वीस अधिक दोन अशी अठ्ठावीस वर्षं आपण या शाळेत गाजरांचा जीव घेत आलो.) मी आच कमी केली, वेळ निम्मी केली, आणि त्या दिवशी गाजराची बादली एक किलो भरली. कंपासपेट्या रिकाम्या. मी स्वतः उघडून पाहिल्या, आता मीही ताकसुद्धा फुंकून पितो.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नकोस. साठेक मुलं बिटाला अजून हात लावत नाहीत. सहावीतला एकजण नुसता पाव आणि केळं खातो, नर्सबाई म्हणाल्या, त्याच्या मागे लागू नका, तो बघतोय, बघू दे. खुद्द वकीलीण घेवडा खात नाही, आणि का खात नाही यावर ती वर्गात अर्धा तास बोलली. पण सकाळी उपाशी येणाऱ्यांसाठी पहिल्या तासाआधी मी फळं आणि दूध खिडकीत ठेवायला लागलो, आणि चौथीचा वर्ग आता जागा असतो. भूगोलाच्या बाईंना याची इतकी सवय नाही की त्या बावरल्या आहेत.

आणि गेल्या शुक्रवारी निकालाचा दिवस. बंद डब्यांची गाडी नमुना घेऊन आली. दोनशे बारा चकचकीत डबे, झाकणावर हसरा ससा. खोटं का बोलू, ससा बघून माझी पाचावर धारण बसली. एका बाजूला गाडीवाले टेबल मांडून उभे, दुसऱ्या बाजूला माझी खिडकी, आणि मोठ्या बाईंनी मुलांना सांगितलं, ज्याला जे हवं ते घ्या. पहिली शंभर मुलं थेट सशाकडे पळाली. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी झारा घट्ट धरला होता, जणू कुणाला मारायचाच आहे. मग त्या दिवशीच्या पाळीची आठ मुलं स्वयंपाकघरातून बाहेर आली, डोक्याला रुमाल तसेच, आणि आपापल्या मित्रांच्या मागे लागली. मी केलंय, मी निवडलंय, खाऊन तर बघ, वाटाण्याचे शेंडे माझ्या कुंडीतले आहेत. एकीने तर आपल्या मोठ्या बहिणीचा डबा हिसकावून परत नेऊन दिला. रांग हळूहळू वळली. काहींनी डबाही घेतला आणि ताटही (ते मला मान्य आहे, भूक लागते). शेवटी मोजलं: गाडीचे एकशे एकोणतीस डबे न उघडता परत गेले, आणि माझ्या बादलीत चार किलो. मोठ्या बाईंनी काट्यावरचा आकडा दोनदा वाकून वाचला. मग मला दगडाचं वाक्य ऐकवलं, आणि पुढचं सबंध वर्ष स्वयंपाकघर चालू राहील असंही सांगितलं. काकू रडल्या. मी रडलो नाही, मला कांदे चिरायचे होते, त्यात काय झालं असेल ते झालं असेल.

असं सगळं आहे. तुला सांगितल्याशिवाय चैन पडत नव्हतं. गुडघ्यांना शेक देत जा, जिना टाळत जा, ताईशी भांडू नकोस. भावजींना सांग, त्यांची छत्री माझ्याकडे नाही.

तुझा,
घाऱ्या

ता. क. – शुद्धलेखन तपासायला हे पत्र वकीलिणीला दिलं होतं. तिने बावीस चुका काढल्या आणि एक हरकत नोंदवली. तिचं म्हणणं, मुलांना स्वयंपाकघरात घ्यायची कल्पना माझी नाही. तिने मला "आम्ही येऊ का मदतीला?" असं सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा मी "मध्ये मध्ये करू नका" म्हणून हाकललं होतं. मला आठवत नाही. काकूंना आठवतं.

ता. क. २ – पियानोची एक पट्टी अजून वर येत नाही. संगीताच्या बाई तिच्यावाचून गाणी बसवताहेत.

ता. क. ३ – आता खरं काम. येत्या सोमवारपासून शाळेत बालवर्ग सुरू होतोय. चाळीस मुलं, तीन-चार वर्षांची. यांना ना शेंगा मोडता येतात, ना मीठ चाखून मत देता येतं. परवा ओळखीसाठी आणली होती, तर एकाने माझी टोपी सुपात बुडवली आणि बाकीच्यांनी तोंडं घट्ट मिटून घेतली. नर्सबाई म्हणतात, एवढी लहान मुलं सांगून खात नाहीत. समोर कुणी मोठं माणूस त्यांच्याबरोबर बसून सावकाश, आवडीने जेवताना दिसलं, तर बघून बघून खातात. मला बसता येत नाही, मला वाढायचं असतं. काकू बसल्या तर उठून भांडी घासायला लागतात. तेव्हा मोठ्या बाईंच्या परवानगीने शाळेत एक नवी जागा काढली आहे. काम एवढंच: रोज दुपारी बारा वाजता बालवर्गात खुर्चीवर बसायचं आणि ताटभर जेवायचं. पूर्ण ताट. भाजीसकट.

ता. क. ४ – ताईवर रागावू नकोस. तिचं पत्र मला महिन्यापूर्वी आलं. दोन वेळचा चहा, दोन टोस्ट, की तुझा दिवस संपला. भाजी ताटाच्या कडेला सरकवतेस, भूक नाही म्हणतेस, सात किलो उतरली आहेस. तिने सगळं करून बघितलं, समजावणं, रागावणं, आवडीचं करणं. मला वाटतं, तुझ्या भुकेला काही झालेलं नाही. सव्वीस वर्षं दोनशे पोरांच्या गलक्यात घास घेतलास, आणि आता दुपारी घरात एक तू आणि एक घड्याळ. शाळा बसने अकरा थांब्यांवर आहे. ताई कामावर जाताना सोडेल, मी परत आणून पोचवीन. जिना चढायचा नाही, बालवर्ग खालीच आहे.

ता. क. ५ – नाही म्हणायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. चाळीसच्या चाळीस जणांना मी सांगून बसलोय की सोमवारी एक आजी येणार आहे, आणि तिने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.